सात वाचनालयं आणि बुधवारची पिशवी: गावोगावी पुस्तकं फिरवायची व्यवस्था कशी बसवावी

गुहागर तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमची पुस्तकं साडेचार हजारांच्या आसपास, आणि वाचक असे की पावसाळ्यात शेतीची कामं उरकली की कपाटच्या कपाट संपवतात. "ताई, आता नवीन काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. पण तेच पुस्तक वीस किलोमीटरवरच्या वाचनालयात कपाटात पडून आहे, हे मला माहीत असायचं. म्हणून आम्ही सात वाचनालयं एकत्र आलो आणि एकमेकांची पुस्तकं फिरवायला लागलो. चिपळूण–गुहागर रस्त्यावरची तीन, आबलोलीच्या बाजूचं एक, किनाऱ्यावरची दोन आणि खाडीपलीकडे दाभोळच्या बाजूचं एक.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी एका इतिहासग्रंथाचा दुसरा खंड मागितला होता. तो यायला चाळीस दिवस लागले. मी सगळीकडे फोन केले, एसटी स्टँडवर जाऊन विचारलं. खंड अखेर आमच्याच टेबलावर सापडला, परत पाठवायच्या ढिगात. आधीच्या फेरीची चिठ्ठी त्यात तशीच राहिली होती, त्यामुळे तो आलेला आहे की जायचा आहे हेच कुणाला कळलं नव्हतं. तोपर्यंत गुरुजी मुलाकडे मुंबईला गेले होते.

त्यानंतर आम्ही सगळी पद्धत मुळापासून बदलली. तुमच्या भागात असं काही सुरू करायचं असेल तर आमच्यासारखं वर्ष वाया घालवू नका, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: आमची पुस्तकं रस्त्यात फार क्वचित हरवली. हरवली ती टेबलावर, वर्गवारी करताना. त्यामुळे गाडी कोणती आणि भाडं किती या प्रश्नांपेक्षा चिठ्ठी आणि टेबल यांवर जास्त डोकं लावा.

आधी काय जमवायचं

कागदपत्रं:

- प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा ठराव, अध्यक्ष आणि कार्यवाहांच्या सहीचा
- सगळ्यांनी मान्य केलेले नियम, एका पानावर
- प्रत्येक वाचनालयात एक स्वतंत्र "बाहेरगाव देवघेव" नोंदवही
- पोचपावती पुस्तक, कार्बन घालून दोन प्रती निघतील असं

सामान: जाड कॅनव्हासच्या झिप असलेल्या पिशव्या, नंबर असलेली प्लास्टिकची सीलं, सुतळी, पिशवीला बांधायला पत्र्याचे किंवा लाकडी बिल्ले, जुनी वर्तमानपत्रं, जाड प्लास्टिक, वजनकाटा, आणि आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या. पेट्यांचं काय करायचं ते पुढे येईलच.

१. ठराव आणि नियम

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता आणि अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वाचनालयाची तपासणी होते, आणि दाखल नोंदवहीतलं (वाचनालयाचं प्रत्येक पुस्तक नंबर देऊन जिथे नोंदवतात त्या वहीतलं) पुस्तक कपाटात नसेल तर ते कुठे आहे याचा कागद दाखवावा लागतो. "शेजारच्या गावी दिलंय" असं तोंडी सांगून भागत नाही. ठराव आणि बाहेरगाव नोंदवही असेल तर प्रश्नच येत नाही. सुरुवात करण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पत्र देऊन ठेवा, म्हणजे तपासणीच्या दिवशी नव्याने समजवावं लागत नाही.

नियमांच्या पानावर एवढंच असू द्या: पुस्तक किती दिवस ठेवायचं (आम्ही ३० दिवस ठेवलं, कारण जायला-यायलाच आठवडा जातो), हरवलं तर भरपाई कुणी करायची (ज्या वाचनालयाच्या सभासदाकडे गेलं त्याने), आणि कोणती पुस्तकं बाहेर जाणार नाहीत. संदर्भग्रंथ, कोश, पुन्हा न मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्या आणि स्थानिक इतिहासाचं हस्तलिखित साहित्य आम्ही पहिल्याच दिवशी वगळलं. त्यावरून पुढे वाद झाला नाही.

२. सामायिक यादी

कोणाकडे काय आहे हे कळल्याशिवाय मागणी येत नाही. सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. सामायिक गूगल शीट पुरते. पण ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय. दुसरा कोहा, ही मुक्त आणि मोफत प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली, आणि कोहा या माओरी शब्दाचा अर्थ आहे भेट. कोहामध्ये एका शाखेकडून दुसऱ्या शाखेकडे जाणाऱ्या पुस्तकाची नोंद ठेवायची सोय आहे. आम्ही अजून शीटवरच आहोत.

इथे एक मोठा खड्डा आहे. बऱ्याच वाचनालयांच्या याद्या संगणकावर आहेत, पण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, पण शोधायला गेलं की काही सापडत नाही, कारण आत अक्षरं इंग्रजीचीच असतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्ह, ऱ्य डोळ्यांनी तपासा. तिथे हमखास गडबड होते. आमच्याकडे "कुऱ्हाड" शब्दाची तीन वेगवेगळी रूपं निघाली आणि एकाच पुस्तकाच्या तीन नोंदी दिसत होत्या.

यादीत रकाने कमीत कमी ठेवा: वाचनालयाचं लघुनाव, दाखल क्रमांक, लेखकाचं आडनाव, लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, खंड, प्रकाशक, आवृत्तीचं साल. खंडाचा रकाना वेगळाच हवा. पुस्तकाच्या नावातच "भाग २" लिहिलं की मागणीत तो शब्द गळतो आणि भलताच भाग येतो.

३. प्रत्येक वाचनालयाला लघुनाव, प्रत्येक पुस्तकाला पूर्ण नंबर

दाखल क्रमांक प्रत्येक वाचनालयात एकपासून सुरू होतो. म्हणजे ३४१७ नंबरचं पुस्तक आमच्याकडेही आहे आणि आबलोलीच्या बाजूच्या वाचनालयाकडेही आहे. पहिल्या वर्षी नोंदवहीत आम्ही नुसते आकडे लिहायचो. दोन वाचनालयांची एकाच नंबरची पुस्तकं एकाच फेरीत आली, आणि परत जाताना एकमेकांच्या जागी गेली. कागदावर सगळं जुळत होतं, म्हणून तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेला आकडा, इथे मदतीला येत नाही. ड्युई पद्धतीत मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३ सगळीकडे तोच. छोट्या वाचनालयांत तर कादंबरीला नुसतं "क" आणि चरित्राला "च" लिहिलेलं असतं. कण्यावरची चिकटपट्टी पुस्तक कोणत्या कपाटातलं ते सांगते, कोणत्या गावचं ते सांगत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वाचनालयाला दोन-तीन अक्षरांचं लघुनाव द्या आणि नंबर नेहमी त्याच्यासकट लिहा: गुह-३४१७, आब-३४१७. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपानामागे हा पूर्ण नंबर पेन्सिलीने लिहा. वाचनालयाचा गोल शिक्का असतोच, पण जुने शिक्के पुसट असतात, आणि संध्याकाळी वीज गेलेली असली की वाचता येत नाहीत.

लघुनावं ठरवताना सारखी दिसणारी गावं बघा. कोकणात हा त्रास फार. आबलोली गुहागर तालुक्यात, आंबोली सिंधुदुर्गात घाटावर. घाईत लिहिलं की दोन्ही सारखीच दिसतात. शिरगाव चिपळूण तालुक्यात आहे, रत्नागिरीजवळ आहे आणि देवगड तालुक्यातही आहे. माणगाव रायगडात आहे आणि कुडाळ तालुक्यातही. पिशवीवर नुसतं गावाचं नाव कधीच लिहू नका. गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड, सगळं लिहा.

४. चिठ्ठी

सगळ्या व्यवस्थेचा प्राण ही चिठ्ठी आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

आमची चिठ्ठी जाड पिवळ्या कागदाची, तळहाताएवढ्या रुंदीची आणि वीतभर लांब. पुस्तकाच्या शीर्षकपानाशी ठेवायची आणि वरून चार बोटं बाहेर दिसली पाहिजे. बाहेर दिसणाऱ्या भागावर मोठ्या अक्षरात फक्त एक गोष्ट लिहायची: पुस्तक आत्ता कुठे जायचं आहे त्याचं लघुनाव. बाकीचं आत: मालक वाचनालय आणि पूर्ण नंबर, मागणाऱ्या सभासदाचा क्रमांक, मागणीची तारीख, पाठवल्याची तारीख, परतीची तारीख.

आधीच्या चिठ्ठीवर "कडून" आणि "कडे" असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. वाचायला दोन सेकंद जास्त लागतात, पण पन्नास पुस्तकांत एखाद्या वेळी माणूस "कडून" वाचून पुस्तक तिकडेच टाकतो. वरच्या भागावर एकच नाव ठेवल्यापासून ही चूक थांबली.

परतीच्या वेळी तीच चिठ्ठी वापरायची नाही. पुस्तक पोचलं की लगेच चिठ्ठीचा वरचा, नाव असलेला भाग कात्रीने कापून टाकायचा. वर काहीच डोकावत नाही, म्हणजे पुस्तक पोचलेलं आहे आणि इथेच आहे. परत जाताना हिरव्या कागदाची नवी चिठ्ठी घालायची. पिवळी म्हणजे वाचकाकडे निघालेलं, हिरवी म्हणजे घरी निघालेलं. वर्गवारी करणाऱ्याला वाचायचीही गरज पडू नये. गुरुजींचा खंड हरवला तो नेमका ही कात्री नसल्यामुळे.

चिठ्ठी पुस्तकाला चिकटवू नका. सेलोटेप तर अजिबात नको. कोकणातल्या दमट हवेत त्याचा गोंद पाघळतो, पानाला पिवळा डाग पडतो आणि पान सोलून निघतं. पुस्तकाभोवती रबरही लावू नका, कारण ते वाळून कव्हरला चिकटतं. चिठ्ठी पडेल अशी भीती वाटत असेल तर पुस्तकाला सुतळीचा एक वेढा द्या.

५. टेबल आणि आंब्याच्या पेट्या

पुस्तकांची वर्गवारी ढिगांत करू नका. ढीग कलंडतात, एकमेकांत मिसळतात, आणि कुणीतरी पंख्याखाली बसायला म्हणून ते सरकवतं.

आम्ही आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या आडव्या करून भिंतीला लावल्या आहेत. तोंड आपल्याकडे, म्हणजे कप्पा तयार. प्रत्येक वाचनालयाला एक पेटी, वर मोठ्या अक्षरात लघुनाव. पेट्यांमधला पेंढा मात्र पूर्ण काढा, आतून फडक्याने पुसा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. पेंढ्यातून किडे येतात आणि पुस्तकांत शिरतात. खिळ्यांची टोकं आत आलेली असतील तर ठोकून घ्या. आमच्या एका नव्या पुस्तकाचं कव्हर अशा खिळ्याने फाटलं.

पेट्यांचा क्रम बाराखडीप्रमाणे लावू नका. गाडी ज्या क्रमाने गावं घेते त्या क्रमाने लावा. शृंगारतळीहून (सगळ्या पिशव्या जिथे एकत्र येतात ते आमचं मध्यवर्ती ठिकाण, त्याबद्दल पुढे) निघाल्यावर जे गाव पहिलं लागतं त्याची पेटी दाराकडे, शेवटचं गाव आतल्या कोपऱ्यात. फेरीसाठी रिक्षा किंवा टेंपो असेल तर भरताना आतल्या कोपऱ्यातली पिशवी आधी आत जाते आणि दाराकडची शेवटी. मग प्रत्येक थांब्यावर हाताशी असलेली पिशवी त्याच गावाची असते.

सात पेट्यांच्या शेजारी आठवी पेटी ठेवा आणि तिच्यावर "अडलेली" असं लिहा. चिठ्ठी नसलेलं, नंबर न लागणारं, पान फाटलेलं, मागणारा सभासद गाव सोडून गेलेला, असं प्रत्येक पुस्तक तिथे जाईल. ही पेटी नसेल तर अडलेलं पुस्तक टेबलाच्या कडेला राहतं, तिथून खिडकीत, आणि मग कायमचं नाहीसं. पेटी दर बुधवारी रिकामी करायचीच, कितीही वेळ लागो.

वर्गवारी एका वेळी एकाच माणसाने करावी. दोघं मिळून लवकर होईल असं वाटतं. पण मग हातातलं पुस्तक कोणी कोणत्या पेटीत टाकलं हे दोघांनाही सांगता येत नाही. दुसऱ्या माणसाने नोंदवहीत लिहावं: पहिला मोठ्याने नंबर वाचतो, दुसरा लिहितो आणि तोच नंबर परत म्हणतो.

आणि पेट्या जमिनीवर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथसंपदेचं मोठं नुकसान झालं. १८६४ साली सुरू झालेली ती संस्था. वाशिष्ठी नदीकाठी किंवा कोणत्याही खाडीकाठी तुमचं मध्यवर्ती ठिकाण असेल तर दुसऱ्यांची पुस्तकं तुमच्या ताब्यात आहेत हे लक्षात ठेवा. पेट्या वरच्या मजल्यावर, नाहीतर निदान कंबरेएवढ्या उंच कट्ट्यावर.

६. मध्यवर्ती ठिकाण ठरवणं

सात वाचनालयांनी एकमेकांना थेट पाठवायचं म्हटलं तर जायच्या वाटा होतात ४२. कुणाकडे एकच पुस्तक जायचं असतं, मग तो म्हणतो पुढच्या आठवड्यात पाठवू, आणि पुस्तक पडून राहतं. सातांपैकी एकाला मध्यवर्ती धरलं की बाकी सहांची प्रत्येकी एक पिशवी येते आणि एक जाते. एक पुस्तक दोनदा प्रवास करतं हे खरं, पण पिशवी दर आठवड्याला भरून निघते, आणि ठरलेला दिवस चुकत नाही.

आम्ही शृंगारतळी निवडली. बाजारपेठ आहे, रस्ते मिळतात, गाड्या जास्त. तुमच्याकडे सगळ्यात मोठं वाचनालय कोणतं हे बघू नका. सगळ्यात जास्त गाड्या कुठे थांबतात ते बघा. मोठं वाचनालय आडवळणी असेल तर त्याचा मोठेपणा पिशवीच्या उपयोगी पडत नाही.

७. पाठवणी

मार्ग चार आहेत, आणि चारही वापरावे लागतात.

वस्तीची एसटी. रात्री गावात मुक्कामाला येणारी गाडी सकाळी तालुक्याला जाते. तिच्याबरोबर पिशवी गेली तर सकाळी दहाच्या आत पोचते. पण पिशवी ओळखीच्या कंडक्टरदादांच्या हातात नुसती देऊ नका. पार्सलची रीतसर नोंद करून पावती घ्या. माणूस चांगला असतो, पण त्याची ड्युटी बदलते, आणि मग पिशवी कुठल्या डेपोत आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. पिशवी आठ किलोंच्या वर भरू नका. साधारण वीस पुस्तकं. एकदा मी पंधरा किलो भरली होती, तेव्हा कंडक्टर म्हणाले, "बाई, उतरवायला एकटा माणूस पुरणार नाही हो." त्यांचं बरोबर होतं. स्टँडवर ती ओढत नेली गेली आणि खालची पुस्तकं घासली.

येणारे-जाणारे शिक्षक. आमच्या आबलोली बाजूच्या पिशव्या दोन शिक्षिका स्कूटरवरून नेतात. हे सगळ्यात भरवशाचं. पण परीक्षा आणि मे महिन्याच्या सुट्टीत ही वाट बंद असते, म्हणून वेळापत्रक करताना शाळेचं कॅलेंडर हाताशी ठेवा.

फेरीबोट. दाभोळ–धोपावे फेरीने खाडीपलीकडची पिशवी येते. फेरी नसेल तर दापोली, खेड, चिपळूण असा मोठा वळसा आहे. पावसाळ्यात हवामान बिघडलं की फेरी थांबते, म्हणून जून ते ऑगस्ट खाडीपलीकडच्या वाचनालयाला आम्ही दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा पाठवतो आणि एका वेळी जास्त पुस्तकं देतो. त्यांच्या वाचकांना हे आधीच सांगून ठेवलेलं आहे. सांगितलं की लोक थांबतात.

टपाल. एखादंच पुस्तक लांब पाठवायचं असेल तर टपाल बरं. जुनं नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलं. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट कुठे आहे ते ऑनलाइन बघता येतं. मात्र ही सवलत पुस्तकांसाठी आहे, जाहिराती असलेल्या नियतकालिकांसाठी नाही. म्हणजे दिवाळी अंक यातून पाठवायला जाऊ नका. आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, म्हणून पहिली पानं गळालेलं जुनं पुस्तक खिडकीवर अडू शकतं.

एसटीवरच सगळं अवलंबून ठेवू नका हे आम्ही २०२१ च्या संपात शिकलो. दिवाळीच्या सुमाराला गाड्या थांबल्या त्या पुढच्या एप्रिलपर्यंत पूर्ववत झाल्या नाहीत. दिवाळी अंकांचाच तो हंगाम. त्या वेळी शिक्षिकांच्या स्कूटरने आमची योजना टिकली.

८. पावसाळ्यातलं पॅकिंग

बरेच जण पुस्तक थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. तसं करू नका. पुस्तकात आधीच दमटपणा असतो, तो आत कोंडतो आणि दोन दिवसांत पानांना वास येतो. आधी पाच-पाच पुस्तकांचा गठ्ठा वर्तमानपत्राच्या दोन थरांत बांधा, मग तो गठ्ठा प्लास्टिकमध्ये घाला, मग कॅनव्हासच्या पिशवीत. कागद दमटपणा ओढून घेतो. पुस्तकं पिशवीत आडवी ठेवा, जड खाली, कणे एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला. उभी ठेवली तर हिंदकळून कण्याचे टाके सुटतात.

पोचल्यावर त्याच दिवशी प्लास्टिक काढा. "उद्या सोडवू" म्हणून रात्रभर ठेवलेली पिशवी जुलैत बुरशीला आमंत्रण आहे.

तरीही पुस्तक भिजलंच तर घाई करा, कारण साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि कव्हर सुटतं. सावलीत, पंख्याखाली, थोडं उघडून उभं करा. दर पंधरा-वीस पानांमागे कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र आत घालू नका, शाई उतरते. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं सगळ्यात आधी हातात घ्या, कारण ती वाळली की पानं एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. एकदम बरीच भिजली आणि सगळी वाळवणं शक्य नसेल तर उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, नंतर एकेक काढून वाळवता येतं. हे मला उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर आमचे बालवाङ्मयाचे अकरा रंगीत संच वाचले असते.

कसर आणि वाळवी पिशवीतून एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. आलेलं प्रत्येक पुस्तक कणा धरून हलक्या हाताने झटका, कण्यात आणि कव्हरच्या घडीत बघा. शंका आली तर "अडलेली" पेटीतही नको, थेट बाहेरच्या पडवीत.

९. पोच आणि परत

पिशवी उघडताना आधी सीलचा नंबर नोंदवहीशी ताडून बघा, मग पुस्तकं मोजा, मग यादीवर खुणा करा. यादीचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला जायला हवा. कमी भरलं तर त्याच दिवशी सांगा. आठवड्याने सांगितलं की दोघंही आठवणीवर बोलतात आणि संबंध बिघडतात. आमचं एका वाचनालयाशी असं झालं, आणि ते मिटायला पुढची दिवाळी लागली. पुस्तक त्यांच्याच एका सभासदाकडे होतं. नोंद व्हायच्या आधीच कुणीतरी ते वाचायला दिलं होतं. म्हणून नियम केला: नोंद आणि चिठ्ठीची कात्री झाल्याशिवाय पुस्तक वाचकाच्या हातात जायचं नाही, वाचक समोर उभा असला तरी.

वाचकाने परत केलं की पुस्तक आपल्या कपाटात लावू नका. देवघेवीच्या टेबलाशेजारी एक वेगळी टोपली ठेवा, परत आलेलं बाहेरगावचं प्रत्येक पुस्तक तिच्यात. काही मोठ्या ग्रंथालय समूहांत पुस्तक जिथे परत येतं तिथेच ठेवून देतात, म्हणजे ने-आण वाचते. आपल्याकडे प्रत्येक पुस्तक एका वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत आहे आणि वर्षाअखेरीची पडताळणी त्या नोंदवहीवरून होते, म्हणून ती पद्धत आणू नका.

१०. तारखा लिहा आणि तीन महिन्यांनी बघा

चिठ्ठीवरच्या तारखा कापून फेकू नका. चिठ्ठीचा खालचा भाग एका डब्यात टाकत जा. तीन महिन्यांनी डबा उपडा करून बसा. मागणी कधी आली, पुस्तक कपाटातून कधी निघालं, पिशवीत कधी गेलं, कधी पोचलं, वाचकाने कधी नेलं. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की एसटी उशीर करते. चिठ्ठ्या बघितल्या तर एसटीत पुस्तक एक दिवस होतं. मागणी येऊन कपाटातून पुस्तक निघेपर्यंत आठ-नऊ दिवस जात होते, कारण ग्रंथपाल मागण्या साठवून महिन्यातून दोनदाच काढत होते. मग मंगळवारी दुपारी सगळ्यांनी एकाच वेळी मागण्या काढायच्या असं ठरलं: यादी कपाटाच्या क्रमाने लावायची, एका फेरीत सगळी पुस्तकं काढायची, संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या. बुधवारी सकाळी पिशवी. पोचलेलं पुस्तक वाचकाने नेईपर्यंतही चार-पाच दिवस जात होते. त्यावर उपाय फोन. सभासदाला त्याच संध्याकाळी फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस दारात असतो.

दिवाळी अंकांबद्दल थोडंसं

ही देवाणघेवाण सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती दिवाळी अंकांना. एका छोट्या वाचनालयाला पंधरा-वीस अंकच परवडतात. सातांनी आधी बसून यादी वाटून घेतली, कुणी कोणते घ्यायचे, तर शंभराच्या आसपास वेगवेगळे अंक सगळ्यांना मिळतात. ही बैठक दसऱ्याच्या आधी घ्या, कारण सवलतीची मागणी त्याच सुमारास नोंदवावी लागते. अंकांना दाखल क्रमांक नसतो, म्हणून त्यांना वेगळा क्रम द्या: गुह-दि-१, गुह-दि-२. पहिला महिना अंक विकत घेणाऱ्या वाचनालयाच्याच सभासदांना द्या, मग फिरवा. वर्गणी भरणाऱ्या आपल्या माणसाला आधी मिळालं पाहिजे. अंकाचं कव्हर पातळ असतं, त्याला ब्राउन पेपर घाला आणि कव्हरवर जे छापलंय ते वर हाताने लिहा, नाहीतर पेटीत सगळे सारखेच दिसतात.

सुरुवात कधी करायची

जूनमध्ये करू नका. दिवाळीनंतर करा. पाऊस सरलेला असतो, फेरी नियमित चालते, शाळा सुरू असतात आणि वाचायला वेळ असतो. पहिल्या महिन्यात सातांनी एकदम येऊ नका, दोनच वाचनालयांत फिरवा, आणि पिशवीत पाचच पुस्तकं घाला. चिठ्ठी, कात्री, पेटी, पोच हे पाचही पुस्तकांचं बिनचूक झालं की तिसरं वाचनालय घ्या. पिवळे आणि हिरवे कागद मात्र सुरुवातीलाच सगळ्यांसाठी एकाच दुकानातून आणा. आमच्यात एकाने पोपटी आणला होता, तो दिव्याच्या उजेडात पिवळाच दिसायचा.